बॉल्डर्स गेट २ : मेजला हरवायचं तर तलवार सगळ्यात शेवटी

सहा जणांची पार्टी, म्हणजे आपण चालवतो ती टोळी, त्यातले तिघे पायापासून डोक्यापर्यंत चिलखतात, हातात +३च्या जादूई तलवारी. समोर झगा घातलेला एकटा मेज, म्हणजे जादूगार. तलवारी त्याच्या अंगावर सटासट पडताहेत आणि पडद्याखालच्या लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटतेय : ‘वेपन इनइफेक्टिव्ह’. पुढच्या अर्ध्या मिनिटात निम्मी पार्टी बावचळून एकमेकांवरच तुटून पडते, उरलेली मरते, आणि आपण लोडचं बटण शोधतो.

‘बॉल्डर्स गेट २’ हा संगणकावरचा रोल-प्लेइंग गेम बायोवेअरने २००० साली आणला. २०१३मध्ये बीमडॉगने त्याची एन्हान्स्ड एडिशन काढली. ती साध्या लॅपटॉपवर चालते, फोनवरही चालते, त्यामुळे नवे खेळाडू अजून येतच असतात. त्यातल्या बहुतेकांची गाडी ड्रॅगनपाशी नाही, मेजपाशी अडते. ड्रॅगन मोठा दिसतो म्हणून माणूस तयारीनं जातो. मेज किरकोळ दिसतो म्हणून सरळ अंगावर जातो. या खेळातला मेज म्हणजे हळूहळू कमी करायचा हेल्थ बार नाही. तो एक कुलूप आहे आणि त्याला ठरलेल्या क्रमानेच किल्ल्या लागतात. क्रम कळला की हीच लढाई खेळातली सगळ्यात मजेदार गोष्ट होते.

आधी घड्याळ समजून घ्या

खेळ रिअल टाइममध्ये चाललेला दिसतो, पण आत एडी अँड डी (ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स) या टेबलावरच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम फिरत असतात. एक राउंड सहा सेकंदांचा. दहा राउंडांचा एक टर्न. कोणताही मेज, तुमचा किंवा शत्रूचा, एका राउंडमध्ये एकच स्पेल (जादूचा मंत्र) टाकू शकतो. याला मुख्य अपवाद नवव्या लेव्हलच्या ‘इम्प्रूव्ह्ड ॲलॅक्रिटी’चा, आणि तो फार पुढचा विषय आहे. (स्पेलची लेव्हल म्हणजे त्याची पायरी, मेजची स्वतःची लेव्हल वेगळी.)

स्पेलसमोर लिहिलेला कास्टिंग टाइम हा राउंडचा दशांश असतो. म्हणजे ५ लिहिलं असेल तर साधारण तीन सेकंद मंत्र चालतो, ९ असेल तर जवळजवळ पूर्ण राउंड. शत्रूचा मंत्र मोडायची संधी या सेकंदांतच असते.

मग प्रश्न पडतो की समोरच्या मेजने पहिल्याच क्षणी चार-पाच संरक्षणं कशी चढवली? ती त्याने आधीच ‘कंटिन्जन्सी’ किंवा ‘स्पेल ट्रिगर’मध्ये भरून ठेवलेली असतात. खेळ इथे सरळसरळ लबाडी करतो असं वाटतं, पण तीच सोय तुम्हालाही आहे. त्यावर पुढे येतो.

दोन सेटिंग बदला

गेमप्लेच्या ऑप्शनमध्ये ऑटो-पॉज आहे. त्यात ‘शत्रू दिसला’ आणि ‘स्पेल टाकला’ हे दोन्ही चालू करा. काही जणांना सारखं थांबणं नकोसं होतं. साध्या गोब्लिनांशी लढताना ते खरंही आहे. मेजच्या लढाईत मात्र पॉज न वापरणं म्हणजे डोळे मिटून खेळणं.

दुसरं म्हणजे खालचा लॉग वर ओढून मोठा करा आणि फीडबॅकच्या ऑप्शनमध्ये स्पेलची माहिती दिसेल असं ठेवा. मेजने काय चढवलं हे तिथे नावानिशी येतं. ते वाचल्याशिवाय पुढची आज्ञा देऊ नका. मुरलेले खेळाडू तर आवाजावरूनही ओळखतात, कारण जादूच्या प्रत्येक शाखेचा लॅटिन धाटणीचा मंत्र वेगळा आहे. नेक्रोमन्सीचा मंत्र कानावर पडला की हात आपोआप स्पेसबारवर जातो.

मेजच्या अंगावरचे तीन थर

सगळी गोम इथे आहे, म्हणून हा भाग सावकाश वाचा. शत्रू मेजची संरक्षणं वरवर पाहता पन्नास प्रकारची वाटतात. प्रत्यक्षात ती तीनच गटांत बसतात.

सगळ्यात बाहेर आभास. ‘मिरर इमेज’मध्ये त्याच्या पाच-सात प्रतिमा दिसतात आणि तुमचे वार त्या प्रतिमांवर वाया जातात. ‘इम्प्रूव्ह्ड इन्व्हिजिबिलिटी’ त्याहून त्रासदायक, कारण मेजने हल्ला केला तरी तो अर्धवट अदृश्यच राहतो. तुम्ही तलवारीने त्याला मारू शकता, पण त्याच्यावर नेम धरून स्पेल टाकता येत नाही. ‘मिसलीड’ आणि ‘शॅडो डोअर’ याच जातीचे.

मधे स्पेलपासूनची संरक्षणं. ‘स्पेल डिफ्लेक्शन’ दहा लेव्हलचे स्पेल गिळतं, ‘स्पेल टर्निंग’ बारा लेव्हलचे तुमच्याच अंगावर परत पाठवतं आणि ‘स्पेल ट्रॅप’ तीस लेव्हलपर्यंत पचवतं. ही मोजदाद बेरजेने होते. पाचव्या लेव्हलचे दोन स्पेल मारले की डिफ्लेक्शन संपलं. ‘मायनर ग्लोब’ आणि ‘ग्लोब ऑफ इन्व्हल्नरेबिलिटी’ही याच गटात. पहिला तिसऱ्या लेव्हलपर्यंतचं आणि दुसरा चौथ्या लेव्हलपर्यंतचं काहीच आत येऊ देत नाही.

सगळ्यात आत हत्यारांपासूनची संरक्षणं. ‘स्टोनस्किन’ प्रत्येक वाराला एक कातडी देतं, मेजच्या दर दोन लेव्हलमागे एक. बाराव्या लेव्हलच्या मेजला सहा कातड्या. ‘प्रोटेक्शन फ्रॉम मॅजिकल वेपन्स’ मात्र सगळ्या जादूई हत्यारांना पूर्णपणे अडवतं. तुमची +३ तलवार ‘इनइफेक्टिव्ह’ ठरते ती यामुळेच. ‘मँटल’ आणि त्याचे मोठे भाऊ वरच्या लेव्हलला येतात.

नवशिक्याची चूक कुठे होते पाहा. तो थेट आतल्या थराला हात घालतो. तलवार मारतो, चालत नाही. मग ‘ब्रीच’ टाकायला जातो, तर मेज अदृश्य म्हणून नेमच लागत नाही. समजा लागला, तरी तो स्पेल टर्निंगवर आपटून परत येतो आणि आपल्याच मेजचं स्टोनस्किन उतरवतो. प्रत्येक थराची किल्ली वेगळी आहे, आणि बाहेरचा थर निघाल्याशिवाय आतली किल्ली कुलपापर्यंत पोचतच नाही.

पहिली किल्ली : आभास फोडा

‘ट्रू साइट’ इथलं मुख्य हत्यार. क्लेरिकला (देवाच्या कृपेने जादू करणाऱ्या पुजाऱ्याला) ते पाचव्या लेव्हलच्या स्पेलमध्ये मिळतं, मेजला सहाव्या. म्हणजे नवव्या लेव्हलच्या क्लेरिककडे ते असतं, तर मेजला बाराव्या लेव्हलपर्यंत थांबावं लागतं. म्हणून सुरुवातीच्या खेळात ही जबाबदारी क्लेरिककडेच द्या : एअरी, व्हिकोनिया किंवा अनोमेन, जो कोणी पार्टीत असेल तो. एकदा टाकलं की ते टर्नभर प्रत्येक राउंडला आसपासचे आभास पुसत राहतं, त्यामुळे मेजने पुन्हा मिरर इमेज चढवली तरी तीही जाते.

ट्रू साइट नसेल तर मेजचं दुसऱ्या लेव्हलचं ‘ग्लिटरडस्ट’. स्वस्त आहे, अदृश्यांना उघडं पाडतं आणि जमलंच तर आंधळंही करतं. फक्त मेजवर ग्लोब असेल तर त्याचा उपयोग नाही.

ज्याच्या पार्टीत केल्डॉर्न आहे त्याने हे प्रकरण निम्मं वाचलं तरी चालेल. तो इन्क्विझिटर, म्हणजे जादू मोडणारा योद्धा आहे. त्याला ट्रू साइट जन्मजात आहे, आणि त्याचं ‘डिस्पेल मॅजिक’ त्याच्या स्वतःच्या लेव्हलपेक्षा बऱ्याच वरच्या ताकदीने लागतं. हे महत्त्वाचं का? डिस्पेलचं गणित असं : लेव्हल समान असेल तर यशाची शक्यता ५० टक्के. तुम्ही वरचढ असाल तर दर लेव्हलमागे ५ टक्के वाढ, खाली असाल तर दर लेव्हलमागे १० टक्के घट. साध्या मेजने वरच्या लेव्हलच्या शत्रूवर डिस्पेल टाकणं म्हणूनच बहुतेकदा फुकट जातं. केल्डॉर्नने टाकलं की बहुतेक संरक्षणं एका झटक्यात उतरतात. तो मंदिरांच्या भागातल्या गटारांत भेटतो. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा खेळणाऱ्याने त्याला घ्यावंच. दुसऱ्यांदा खेळताना मुद्दाम टाळावं, कारण त्याच्यासोबत मेजची कोडी सोडवण्यातली मजाच जाते.

दुसरी किल्ली : स्पेल संरक्षणं उतरवा

इथे पर्याय भरपूर आहेत आणि लेव्हलप्रमाणे निवडायचे. ‘स्पेल थ्रस्ट’ तिसऱ्या लेव्हलचा : पाचव्या लेव्हलपर्यंतची सगळी संरक्षणं एकदम काढतो. ‘सीक्रेट वर्ड’ चौथ्या लेव्हलचा : आठव्या लेव्हलपर्यंतचं एक संरक्षण काढतो. चौथ्या लेव्हलच्या स्पेलसाठी ही ताकद फारच आहे, त्यामुळे सुरुवातीच्या खेळात दोन सीक्रेट वर्ड कायम पाठ करून ठेवा.

पुढे ‘पिअर्स मॅजिक’ (सहावी लेव्हल) एक संरक्षण काढताना मॅजिक रेझिस्टन्सही (जादू अंगाला न लागण्याची टक्केवारी) कमी करतो. ‘खेल्बेन्स वॉर्डिंग व्हिप’ (सातवी) तीन राउंडांत तीन संरक्षणं उतरवतो. ‘रुबी रे ऑफ रिव्हर्सल’ही सातव्या लेव्हलचा, तो कोणत्याही लेव्हलचं एक संरक्षण काढतो. नवव्या लेव्हलचा ‘स्पेलस्ट्राइक’ सगळंच साफ करतो, पण तोवर तुम्हाला हा लेख लागणार नाही.

वॉर्डिंग व्हिप मला रुबी रेपेक्षा जास्त कामाचा वाटतो. मेजवर क्वचितच एकच संरक्षण असतं, आणि एकदा व्हिप लावला की तो आपलं काम करत राहतो, तुमचा मेज पुढच्या राउंडला दुसरं काही टाकायला मोकळा होतो.

या भागात एक पळवाट आहे, ती ध्यानात ठेवा : जमिनीवर टाकलेले, भागभर पसरणारे स्पेल डिफ्लेक्शन आणि टर्निंगला जुमानत नाहीत. नेम धरून टाकलेलेच अडतात. म्हणून ‘क्लाउडकिल’चा ढग टर्निंग चढवलेल्या मेजलाही गुदमरवतो. तोही खोलीच्या बाहेरून, दाराआडून टाकता येतो.

तिसरी किल्ली : ब्रीच, आणि मगच तलवार

पाचव्या लेव्हलचा ‘ब्रीच’ हा मेजविरुद्धचा सगळ्यात महत्त्वाचा स्पेल. तो स्टोनस्किन, मँटल, जादूई हत्यारांपासूनचं संरक्षण, आगीपासूनचं संरक्षण अशी सगळी शारीरिक कवचं एकदम काढतो. तुमचा मेज नवव्या लेव्हलला पोचला की पहिला पाचव्या लेव्हलचा स्क्रोल ब्रीचचाच शिका. ‘वाँड ऑफ स्पेल स्ट्रायकिंग’ हाती लागली तर उत्तमच, तिच्यात ब्रीच आणि पिअर्स मॅजिक दोन्ही आहेत.

आता क्रम नीट लावा. पहिल्या राउंडला क्लेरिक ट्रू साइट टाकतो आणि मेज सीक्रेट वर्ड. पण मेजने थोडं थांबायचं, कारण ट्रू साइट लागल्याशिवाय नेम मिळणार नाही. दुसऱ्या राउंडला मेज ब्रीच टाकतो. तोपर्यंत लढवय्ये मेजच्या शेजारी उभे हवेत, दाराशी नव्हे. ब्रीच लागल्या क्षणी पॉज करा, तिघांनाही त्याच्यावर सोडा. उघडा पडलेला मेज एका राउंडचाही सोबती नसतो. उशीर केलात तर तो पुढच्या राउंडला पुन्हा स्टोनस्किन चढवेल आणि सगळं पहिल्यापासून.

ब्रीच अजून नाही अशा काळातला एक उपाय : प्रत्येक लढवय्याच्या दुसऱ्या हत्याराच्या खणात एक साधी, जादू नसलेली तलवार किंवा काठी ठेवा. जादूई हत्यारांपासूनचं संरक्षण साध्या लोखंडाला थांबवत नाही. स्टोनस्किन असेल तर त्या साध्या तलवारीने कातड्या एकेक उतरवता येतात. हजारो सोन्याच्या नाण्यांची तलवार म्यानात आणि गल्लीतली साधी तलवार हातात, हे दृश्य या खेळात नेहमीचं आहे.

काहीच नसेल तर मागे फिरा

आता ती गोष्ट, जी बहुतेक जण शेवटी शिकतात. जादूई हत्यारांपासूनचं संरक्षण चार राउंड टिकतं. चार राउंड म्हणजे चोवीस सेकंद, कबड्डीतल्या एका चढाईपेक्षाही कमी. मँटलचंही तसंच. तुम्ही त्या चोवीस सेकंदांत तलवारी आपटत उभे राहिलात तर मरता. नजरेआड गेलात तर मेजची महागडी संरक्षणं तुमच्याशिवायच विरून जातात.

हा गनिमी कावा या खेळात अगदी रास्त आहे. दार उघडा, शत्रूला दिसा, त्याने सगळं चढवलेलं लॉगमध्ये वाचा आणि लगेच कोपऱ्याआड सरका. मागे एखादं समन केलेलं, म्हणजे जादूने बोलावलेलं, जनावर ठेवा. मूळ खेळातले मेज त्या जनावरावर आपले सगळ्यात भारी स्पेल खुशाल उधळतात. चोवीस सेकंद झाले की परत या. स्टोनस्किन तासन्‌तास टिकतं, त्यामुळे ते अंगावर असेलच. त्यासाठी ब्रीच राखून ठेवा.

समनसाठी ‘ॲनिमेट डेड’ला तोड नाही. वरच्या लेव्हलच्या क्लेरिकने टाकलं की ‘स्केलेटन वॉरियर’ येतात, त्यांना ९० टक्के मॅजिक रेझिस्टन्स असतो. शत्रूचे बहुतेक स्पेल त्यांच्यावरून ओघळून जातात. मेजने ‘डेथ स्पेल’ टाकून सगळे समन उडवले तर वाईट वाटून घेऊ नका. तो त्याचा एक राउंड गेला, आणि सहाव्या लेव्हलचा एक स्पेलही.

मंत्र अर्ध्यात मोडा

मंत्र म्हणताना मेजला इजा झाली तर स्पेल वाया जातो. स्टोनस्किन वार अडवतं म्हणून तलवारीने हे साधत नाही. पण आग, ॲसिड, विष यांची इजा स्टोनस्किनच्या आतून जाते. दुसऱ्या लेव्हलचा ‘मेल्फ्स ॲसिड ॲरो’ म्हणूनच दिसतो त्यापेक्षा मोलाचा आहे : लागल्यानंतर तो राउंडामागून राउंड चटके देत राहतो, आणि प्रत्येक चटक्याला मंत्र मोडण्याची शक्यता. आगीचे बाणही चालतात, मेजवर जादूई हत्यारांचं संरक्षण नसेल तर.

याहून भयानक म्हणजे जाहेरा या सोबतिणीचे किडे. ड्रुइडचा (निसर्गाची जादू करणाऱ्याचा) पाचव्या लेव्हलचा ‘इन्सेक्ट प्लेग’ शत्रूंच्या थव्यावर पसरतो, सतत चावतो, मंत्र फसवतो. पलीकडच्या पार्टीत दोन-तीन मेज असतील तर दुसरं काही करायच्या आधी हेच टाका. पहिल्यांदा हा स्पेल चालताना पाहिला की आधीच्या लढायांत फायरबॉलवर घालवलेले स्लॉट (स्पेल पाठ करायच्या जागा) आठवून हळहळ वाटते. फायरबॉल दिसतो छान, पण तयारीच्या मेजविरुद्ध त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

सुरुवातीच्या लढायांत क्लेरिकचं दुसऱ्या लेव्हलचं ‘सायलेन्स, १५ फूट रेडियस’ही विसरू नका. त्यापासून वाचण्याच्या फाशाला, म्हणजे सेव्हला, −५चा दंड बसतो. मुका मेज म्हणजे काठीवाला म्हातारा.

आपली बाजू सांभाळा

शत्रू पहिल्या दोन-तीन राउंडांत बहुधा दोनच गोष्टी करतो : ‘केऑस’ किंवा ‘कन्फ्यूजन’ टाकून पार्टी बावचळवतो, नाहीतर ‘रिमूव्ह मॅजिक’ने तुमची सगळी बफ (आधी चढवलेली मदतीची जादू) पुसतो. पहिल्यावर उत्तर आहे क्लेरिकचं ‘केऑटिक कमांड्स’. निदान मुख्य लढवय्यावर तरी ते हवंच. दुसऱ्यावर उपाय म्हणजे सगळे एकाच जागी घोळका करून उभे राहू नका, आणि लढाईआधी दहा बफ चढवायची सवय सोडा. रिमूव्ह मॅजिक लागलं की ते सगळं पाण्यात. दोन-तीन नेमकी संरक्षणं पुरतात.

वरच्या लेव्हलच्या मेजशी गाठ असेल तर समोर जाणाऱ्यावर ‘डेथ वॉर्ड’ टाका. ‘फिंगर ऑफ डेथ’ आणि ‘पॉवर वर्ड किल’ दोन्हींपासून सुटका होते. पॉवर वर्ड किल ६० किंवा त्याहून कमी हिट पॉइंट असलेल्याला सेव्हशिवाय मारतो, त्यामुळे अर्धमेल्या लढवय्याला पुढे ठेवणं म्हणजे त्याला आयताच देणं.

आणि आता वर म्हटलेली सोय. चौथ्या लेव्हलचा ‘मायनर सीक्वेन्सर’ दुसऱ्या लेव्हलपर्यंतचे दोन स्पेल साठवतो, सातव्याचा ‘स्पेल सीक्वेन्सर’ चौथ्या लेव्हलपर्यंतचे तीन, आठव्याचा ‘स्पेल ट्रिगर’ सहाव्या लेव्हलपर्यंतचे तीन. एकदा भरले की ते झोपल्यावरही राहतात. म्हणजे आज रात्री भरायचे, झोपायचं, सकाळी तेच स्लॉट पुन्हा भरलेले. स्टोनस्किनही असंच : ते बारा तास टिकतं, झोप आठ तासांची. झोपण्याआधी टाका, उठल्यावर अंगावरही असतं आणि स्लॉटमध्येही.

तुमचा हिरो स्वतः मेज असेल तर स्पेल ट्रिगरमध्ये ब्रीच, पिअर्स मॅजिक आणि सीक्रेट वर्ड भरण्याचा मोह होतो. भरा, पण आधी ट्रू साइट लागेल याची खात्री करा. अदृश्य मेजवर अख्खा ट्रिगर फुकट जाताना पाहण्यासारखं दुःख नाही.

सराव कुठे करायचा

खेळातल्या अथकाटला शहरात उघड्यावर जादू करायला बंदी आहे. परवाना सरकारी भागात ५००० सोन्याच्या नाण्यांना मिळतो. परवान्याशिवाय जादू केली तर काउल्ड विझर्ड्स (शहरातल्या जादूवर नजर ठेवणारे मेज) आधी ताकीद देतात, पुढच्या वेळी अंगावर येतात. बहुतेक मार्गदर्शक परवाना घ्या म्हणतात. मी म्हणेन, आधी सेव्ह करा आणि एक-दोनदा मुद्दाम त्यांना बोलवा. ब्रीच आणि ट्रू साइटची वेळ साधायला याहून चांगली तालीम नाही. मोकळी जागा असते, आणि हरलात तर फक्त एक रीलोड.

पुढची पायरी म्हणजे शहराच्या डॉक्स भागातला मेज रायिक गेथ्रस, ज्याला मारायला एडविन हा जादूगार पाठवतो. तिथे तुम्ही दार उघडण्याआधी तयारी करू शकता, आणि कोपऱ्याआड जायलाही जागा आहे. त्यानंतर स्लम्समधल्या प्लेनर स्फिअरमधला लॅव्होक. त्याच्याशी आधी बोलणं होतं, मग लढाई. असं बोलणं जिथे असेल तिथे चोराकडून त्याच्या पायाशी सापळे लावून ठेवा. सापळ्यांना स्टोनस्किन आडवं येत नाही. काहींना हे नामर्दपणाचं वाटतं. खेळाने चोराला सापळे दिलेत ते दाखवायला नाहीत.

लिच : इथे क्रम बदलतो

लिच हा मरूनही चालताबोलता राहिलेला मेज, आणि पाचव्या लेव्हलपर्यंतचा कोणताही स्पेल त्याला लागत नाही. म्हणजे तुमचा लाडका ब्रीच बाद, सीक्रेट वर्ड बाद, ॲसिड ॲरो बाद. इथे पिअर्स मॅजिक, रुबी रे, वॉर्डिंग व्हिप यांनी मधला थर काढा, आणि हत्यारांची संरक्षणं मागे सरून वेळेनेच संपवा. स्केलेटन वॉरियर पुढे, जिवंत माणसं मागे.

किंवा ‘प्रोटेक्शन फ्रॉम अनडेड’चा स्क्रोल वापरा. कोणीही वाचू शकतो. तो लावलेल्या माणसाला लिच पाहतच नाही, उभा राहून मार खातो. हा उपाय इतका सोपा आहे की पहिल्या खेपेला वापरायला हरकत नाही, पण मग लिचची लढाई झाली असं म्हणता येत नाही.

कॅन्गॅक्स या लिचची गोष्ट निराळी. डॉक्समधल्या एका घरात तो आधी लिच म्हणून लढतो, हरला की डेमिलिच होऊन उठतो आणि ‘इम्प्रिझनमेंट’ टाकायला लागतो. त्यात अडकलेला माणूस ‘फ्रीडम’ स्पेलशिवाय सुटत नाही, आणि तुमचा हिरोच अडकला तर खेळ तिथेच संपतो. त्याला +४पेक्षा कमी हत्यार लागत नाही, ही दुसरी पंचाईत. ॲडव्हेंचरर्स मार्टमधला ‘स्टाफ ऑफ रिन’ +४चा आहे, तो आधीच घेऊन ठेवा. मग कॉर्गनला पुढे करा. तो बर्सर्कर (पिसाळून लढणारा योद्धा) आहे, त्याच्या रेजमध्ये, म्हणजे पिसाळलेल्या अवस्थेत, इम्प्रिझनमेंट लागत नाही. डेमिलिच उठल्याचं दिसताच रेज चालू करायची, त्याआधी नाही, कारण रेज फार वेळ टिकत नाही. हिरोला खोलीच्या बाहेर, नजरेआड ठेवा.

सगळं जमायला लागलं की

मग ‘स्वोर्ड कोस्ट स्ट्रॅटेजम्स’ हा मॉड (खेळाडूंनी बनवलेली जोड) घाला. त्यात शत्रू मेज खरोखर डोकं चालवतात. समनवर भारी स्पेल उधळत नाहीत, आणि ‘स्पेल इम्युनिटी : डिव्हिनेशन’ इम्प्रूव्ह्ड इन्व्हिजिबिलिटीसोबत चढवून तुमचं ट्रू साइटच निकामी करतात. मॉड घालताना सगळे भाग एकदम निवडू नका. आधी फक्त मेजचं डोकं सुधारणारा भाग घ्या आणि त्याच रायिक गेथ्रसच्या दाराशी जाऊन पुन्हा लढून बघा.